अर्धवट हॉट रॉड पुरी करायची का विकायची? या चुका टाळा

दर मार्चमध्ये बर्फ वितळायला लागला की मला कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "अरे, ठरवलं होतं त्याच्या दुप्पट पैसे गेले, गाडी अजून लाकडाच्या ठोकळ्यांवरच उभी आहे, विकून टाकू का?" मी इथे मिशिगनमध्ये बरीच वर्षं जुन्या फोर्डांच्या नादाला लागलोय, दोन पुऱ्या केल्या, एक अर्धवट विकली, त्यामुळे लोकांना वाटतं याच्याकडे उत्तर तयार असणार. उत्तर नसतं हो, पण लोक करतात त्या चुका मात्र आता तोंडपाठ झाल्यात.

ज्यांना हे खूळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की जुन्या फोर्ड-बिर्डचा सांगाडा घ्यायचा, मडगार्ड काढून टाकायची आणि आत तिला न झेपणारं इंजिन बसवायचं म्हणजे हॉट रॉड. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून कॅलिफोर्नियातली पोरं भंगारातले पार्ट जोडून असल्या गाड्या मुरॉकच्या सुक्या तळ्यावर पळवायची. म्हणजे मुळात हा कडक्यांचा खेळ होता, आता चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झालाय.

सगळ्यात मोठी चूक, आणि ही मी रडून रडून सांगतो, ती म्हणजे घातलेले पैसे मोजत बसणं. माझा एक दोस्त आहे, मूळचा नागपूरचा, इथे इंजिनिअर. त्याने फोर्डची १९३० ची मॉडेल ए कूपे, म्हणजे दोन दारांची छोटी गाडी, ७ हजार डॉलरला घेतली. तीन वर्षांत चासी नवी, शेवरलेचं ३५० व्ही-एट इंजिन, पुढे मस्टँग टू टाइपचं सस्पेन्शन, मागे फोर्डचा नऊ इंची अ‍ॅक्सल, असं करत करत एकूण ३४ हजार गेले. एक गिऱ्हाईक ट्रेलर घेऊनच आलं, १५ हजार रोख देतो म्हणालं. हा म्हणे, "३४ घातलेत, १५ ला कसा देऊ?" मी विचारलं, पुरी करायला अजून किती? त्याच्याच कागदावर १४ हजार होते. पुरी झाल्यावर किती येतील? त्या वेळी आमच्याकडे तसल्या गाड्या २७ च्या आसपास जात होत्या. म्हणजे बघा, आज नुसती सही केली तर हातात १५, आणि अजून दोन वर्षं खपून १४ घालून २७ मिळवले तर हातात १३. ते ३४ दोन्हीकडे गेलेलेच आहेत, त्यांचा या हिशोबात काही संबंधच नाही. त्याला कळलं सगळं, पण म्हणाला मन मानत नाही. बुडत्याचा पाय खोलात.

गिऱ्हाईक गेलं. गाडी करड्या प्रायमरमध्ये तशीच, हीटर नसलेल्या गॅरेजात दोन हिवाळे उभी राहिली. साधा प्रायमर पाणी पितो हो, तो रंगाच्या खालचा थर आहे, रेनकोट नाही. गाडी उभीच ठेवायची असेल तर इपॉक्सी प्रायमर मारा. दुसऱ्या वसंतात मी दरवाज्याच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं तर घामोळं आल्यासारखे फोड, नखाने खरवडले की खाली तांबडी पूड. शेवटी ९ हजाराला गेली. ट्रेलरवर ढकलायला मीच होतो.

आता कुणी म्हणेल, पैशासाठी थोडीच करतोय. मान्य, हौसेला मोल नसतं. चालवायचीच असेल तर तोटा डोळे उघडे ठेवून घ्या आणि खुशाल पुरी करा, फक्त घरी बायकोला "इन्व्हेस्टमेंट आहे" म्हणून सांगू नका, तिला बेरीज येते.

दुसरी माझी आवडती चूक, "नव्वद टक्के झालंय". हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात ना, इथे शेपूट हत्तीपेक्षा महाग पडतं. इंजिन, चासी, बॉडी हे डोळ्याला दिसतं, म्हणून वाटतं झालंच आता. राहिलेलं असतं वायरिंग, ब्रेकच्या नळ्या, रेडिएटरचा पंखा, एक्झॉस्ट, काचा, काचांचे रबर, सीट, क्रोम. त्यात टप तीन इंच कापून खाली घेतलं असेल तर सगळ्या काचा नव्याने कापा, काचांच्या पट्ट्या कापा, आणि मॉडेल ए च्या टपाखाली लाकूड असतं, तेही कापा. टीव्हीवर आठवड्यात गाडी तयार झालेली बघून आलेली नवी पोरं हे ऐकून घेतच नाहीत, त्यांना पहिल्या महिन्यात रंग कुठला मारायचा हेच ठरवायचं असतं.

मी काय करतो, एका संध्याकाळी दुधाचा क्रेट उलटा टाकून गाडीशेजारी बसतो, हातात पिवळं पॅड, आणि पुढच्या बंपरपासून मागच्या दिव्यापर्यंत जे जे नाही ते शेवटच्या क्लिपपर्यंत लिहितो, समोर आजचा भाव, आणि बेरजेची दीडपट. दीडपटच का, विचारू नका, त्याच्या आत माझं आजवर कधी भागलेलं नाही. हा आकडा बघून पोटात गोळा आला तर विकायचा विचार करा, "चला, एवढंच ना" वाटलं तर पाना उचला.

कागदपत्रांचं आधी बघा. मॉडेल ए ला इंजिनवरचा नंबर हाच गाडीचा नंबर, टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा सरकारी कागद, त्याच्यावर. तुम्ही जुनं इंजिन काढून विकलं की टायटलवरचा नंबर गाडीत कुठे दिसतच नाही. तोच नंबर चासीच्या डाव्या पट्टीवर ठोकलेला असतो, पण तो बॉडीखाली झाकलेला. म्हणून बॉडी उचललेली असताना, सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्याने गंज काढायला पाठवायच्या आधी, फोटो काढून ठेवा. विना टायटल गाडीला अर्धासुद्धा भाव येत नाही.

बाकीच्या पटापट. क्रेडिट कार्डावर शेपूट पुरं करू नका. ऑगस्टातल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे डेट्रॉइटकडच्या जुन्या गाड्यांच्या जत्रेला, उतरवायचीच म्हणून घाईत रंग मारू नका, पुट्टी पुढच्या वर्षी बोलते. सुटे पार्ट काढून विकू नका, चांगले पहिल्या आठवड्यात जातात आणि सांगाडा तुमच्याच उरावर राहतो. चाकांवर उभी, ढकलता येणारी गाडी विका, इंजिन चालू होत असेल तर त्याचा व्हिडिओ काढा.

आणि खोक्यांवर नावं लिहा. मी माझी अर्धवट गाडी ओहायोच्या एका म्हाताऱ्याला विकली तेव्हा प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी होती, फक्त सगळ्या मराठीत, कारण त्या मी माझ्यासाठी लिहिल्या होत्या. तो बिचारा महिनाभर एकेका चिठ्ठीचा फोटो पाठवून अर्थ विचारायचा आणि मी सांगायचो, डाव्या दरवाज्याची बिजागरी, वायपरचा नट, वगैरे. शेवटच्या फोटोतल्या पिशवीत सात बोल्ट होते आणि वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, "हे कुठले देव जाणे".