रूट कॅनल झालं तरी दाढ ठणकतेय? या चुका टाळा

"नस काढली ना डॉक्टर, मग दुखतं कसं?" हे मी स्वतः विचारलंय, फोंड्याला, गालावर हात ठेवून. डॉक्टर बाई म्हणाल्या, नस दाढेच्या आत होती ती गेली, पण मुळाभोवती दाढेला हाडात धरून ठेवणारा पातळ पडदा असतो तो जिवंतच आहे, चावलेलं त्याला कळतं. म्हणजे पहिले काही दिवस चावताना दुखलं तर घाबरू नका. सूज वाढायला लागली किंवा ताप आला तर मात्र फोन करा, घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या शोधत बसू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दाढेचं मूळ सरळ पाइपसारखं असतं असं समजणं. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला बहुतेक तीन मुळं असतात पण कॅनल, म्हणजे मुळातल्या नस असायच्या त्या बारीक नळ्या, बऱ्याचदा चार, आणि तो चौथा गालाकडच्या पुढच्या मुळात मुख्य कॅनलच्या बाजूला दडलेला, तोंड अगदी बारीक. माझा तोच राहिला होता! वर्षभर काही नाही, मग हिरडीवर फोड आली, दाबली की पू. साध्या एक्सरेत एक कॅनल दुसऱ्याच्या मागे गेला की दोन्ही मिळून एकच सावली पडते, त्यामुळे तिरका एक्सरे नाहीतर सीबीसीटी (दाताचा थ्रीडी) स्कॅन लागतो, माझा स्कॅनमध्ये सापडला. म्हणून किती कॅनल मिळाले हे विचारून घ्या, त्यात लाजायचं काय.

शंभर वर्षांपूर्वी वॉल्टर हेस नावाच्या स्विस माणसाने दातांत रबर भरून कॅनलचे साचे काढले होते, ते बघितले तर कुठे फांद्या फुटल्यात, कुठे दोन कॅनल मधेच जोडलेत. तिथे फाइल (कॅनल खरवडायची बारीक सुई) पोचत नाही, हायपोक्लोराइट नावाच्या जंतुनाशक द्रवाने धुऊनच जेवढी घाण निघेल तेवढी. तेव्हा डॉक्टर अर्धा तास नुसतं पिचकारीने धुताहेत म्हणून कुरकुरू नका (मी केली होती). आणि वयनीची पुढच्या दाताची ट्रीटमेंट एका सिटिंगमध्ये झाली म्हणून तुमच्या दाढेचीही व्हायला हवी असं नसतं, पुढच्या वरच्या दाताला सहसा एकच कॅनल.

टेम्पररी सिमेंटवर महिनोन् महिने काढू नका, ते झिजतं, कडेने लाळ आत जाते आणि केलेलं सगळं पाण्यात. कॅप बसेपर्यंत त्या बाजूने जत्रेतलं खाजं नको, पोखरलेली दाढ उभी चिरली आणि चीर मुळात गेली तर बहुतेक वेळा काढायचीच पाळी येते.

आणि दोन महिन्यांनी एक्सरेत मुळाखाली काळा डाग तसाच दिसला की लगेच ट्रीटमेंट फेल म्हणू नका, हाड हळूहळू भरतं, वर्षाने परत बघतात, कधी कधी चार वर्षांपर्यंतही. दुखत नाही म्हणून हा एक्सरे बरेचजण टाळतात, मीही पहिल्या वेळी टाळला होता. आता परत केलेल्या दाढेचा सहा महिन्यांचा काढलाय, डाग अर्ध्यावर आलाय, पुढचा गणपतीची चवथ झाल्यावर.