शुगर असलेल्या माणसाला काय भेट द्यावी

गावाकडे कुणाला भेटायला जायचं म्हटलं की रिकाम्या हातानं जाववत नाही. मग बसस्टँडवरून बिस्किटाचा पुडा आणि डझनभर केळी घेतली जातात. ज्या घरात मामाजींना किंवा आत्याबाईंना शुगर आहे, तिथं तो पुडा एक तर मन मारून नातवंडांना वाटला जातो, नाही तर पाहुण्यानं प्रेमानं आणलं म्हणून त्यातली चार बिस्किटं पोटात जातात. प्रेमात खोट नसते, वस्तू चुकते. शुगरचं दुखणं रोजचं आहे. पाय बघायचे, वेळेवर जेवायचं, गोळी किंवा सुई घ्यायची. यातलं एखादं काम जिच्यामुळे हलकं होईल ती वस्तू खरी भेट.

घेण्याआधी थोडी चौकशी करा, आणि ती घरात औषधाचं जो पाहतो त्याच्याकडे करा. बहुतेक घरांत ती सून किंवा शाळेत जाणारी नात असते. गोळ्या सुरू आहेत की इन्सुलिन? घरी शुगर मोजायची मशीन आहे का, असली तर कोणत्या कंपनीची? पायाला मुंग्या येतात का, तळवा बधिर झालाय का? बीपी किंवा किडनीचा त्रास आहे का? एवढं कळलं की निम्मं काम झालं.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे आहेर चारचौघांत, नाव पुकारून केला जातो. मशीन, औषधाचा डबा, पायाची चप्पल असल्या वस्तू तिथं देऊ नका. समारंभात शर्टपीस-टोपी, लुगडं जे द्यायचं ते सगळ्यांसारखंच द्या आणि ही वस्तू दुसऱ्या दिवशी घरी जाऊन हातात द्या. आजार मांडवात दाखवायची गोष्ट नाही.

पायातलं

विदर्भातल्या खेड्यासाठी एकच भेट सुचवायची झाली तर चप्पल सुचवू. शुगर जुनी झाली की तळपायाच्या नसा मंदावतात. बाभळीचा काटा रुतला, पऱ्हाटीचं धसकट घुसलं, तरी कळत नाही. मोज्यावर किंवा अंथरुणावर डाग दिसतो तेव्हा जखम चार दिवसांची झालेली असते. बधिर पायाची ही गोष्ट विदर्भाला नवी नाही. वरोऱ्याच्या आनंदवनामुळे कुष्ठरोग्यांचे पाय इथल्या माणसांनी जवळून पाहिलेत. त्या पायांसाठी जे एमसीआर नावाचं मऊ रबर वापरात आलं, तेच आज शुगरच्या चपलांत आतल्या बाजूला बसवतात.

जिल्ह्याच्या गावी सर्जिकलच्या दुकानात 'एमसीआरची चप्पल' म्हणून मागा. हातात घेऊन तीन गोष्टी बघा. आतला थर साधारण १० मिलिमीटर जाड हवा. अंगठ्यानं दाबला की दबावा आणि सोडला की लगेच वर यावा. खालचा तळ कडक हवा. दोन्ही टोकं धरून वाकवल्यावर मधोमध सहज दुमडणारा तळ काटा अडवत नाही. आणि मागं पट्टा हवाच. बधिर पायातून साधी चप्पल निसटते तेही कळत नाही, आणि माणूस अंगणात अनवाणी फिरत राहतो. अंगठ्याची चप्पल घेऊच नका. बोटांच्या बेचक्यात घासून तिथंच जखम होते. वरचे पट्टे वेलक्रोचे असले म्हणजे संध्याकाळी पाय सुजला की सैल करता येतात. दिसायला ती साध्या चपलेसारखी असू द्या. काही म्हातारी माणसं 'ही तर रोग्याची चप्पल' म्हणून कोपऱ्यात टाकतात, आणि न घातलेल्या चपलेचा काय उपयोग?

माप नंबर विचारून घेऊ नका, कारण बधिर पायाला घट्ट चप्पलच बरी वाटते. सैल असली तर पायात काही आहे हेच जाणवत नाही, म्हणून ते स्वतःहून लहान नंबर सांगतात. संध्याकाळी, दिवसभराची सूज पायावर असताना, वहीच्या कागदावर उभं करा. बसवून नाही, पूर्ण वजन टाकून उभं. पेन्सिल सरळ धरून दोन्ही पायांची कड काढा. सगळ्यात लांब बोट अंगठा असेलच असं नाही. जे लांब असेल त्याच्या पुढं एक सेंटिमीटर जागा धरा आणि दोन पायांतला मोठा पाय माप म्हणून घ्या. हा कागद खिशात घालून दुकानात जायचं आणि चपलेवर ठेवून बघायचा.

नवी चप्पल पहिल्या दिवशी तासभरच घालायची. काढल्यावर तळवा आणि बोटांच्या कडा बघायच्या. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तिथं चप्पल लागतेय. दुकानातून पट्टा बदलून घ्या. काही लागत नसेल तर रोज तासाभरानं वेळ वाढवायची. पायात घालण्याआधी आत हात फिरवायची सवयही सोबत द्या. खडा असतो, काटा असतो, पावसाळ्यात विंचूही असतो.

चपलेसोबत तीन जोड पांढरे सुती मोजे आणि मूठ असलेला हातआरसा ठेवा. मोजे पांढरेच, कारण रक्त-पू लगेच दिसतो. वरचं इलास्टिक पिंडरीवर वळ उठवणारं नको. ज्यांना वाकून तळवा बघता येत नाही त्यांनी आरसा जमिनीवर ठेवून त्यावर पाय धरायचा. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवरही हे मोजे कामी येतात. भर उन्हात अनवाणी प्रदक्षिणा घातल्यानं तळव्याला फोड येतात आणि कळत नाही.

बायकांना जोडवी द्यायची असतील तर आतून गुळगुळीत आणि मागून उघडी, सैल करता येतील अशी घ्या. सुजलेल्या बोटात रुतलेलं जोडवं फार वाईट जखम करतं.

जत्रेत मिळणारी टोकदार दाण्यांची ॲक्युप्रेशर चप्पल, पाय शेकायचं यंत्र, गरम पाण्याची पिशवी या वस्तू प्रेमानं दिल्या जातात आणि बधिर पायाचं वाटोळं करतात. या देऊ नका.

शुगर मोजायची मशीन

मशीन स्वस्त असते, खर्च रक्ताचा थेंब लावायच्या पट्ट्यांचा असतो. एक पट्टी कंपनीनुसार साधारण १० ते २५ रुपयांना पडते. म्हणून घरात आधीच मशीन असेल तर दुसरी नेऊ नका, तिच्या पट्ट्या न्या. एका कंपनीची पट्टी दुसऱ्या मशीनला चालत नाही, तेव्हा मशीनचा आणि पट्टीच्या डबीचा फोटो मागवून घ्या.

किती न्याव्यात याचा हिशोब असा. गोळ्यांवर असलेला माणूस आठवड्यातून दोनदा मोजत असेल तर महिन्याला आठ-नऊ पट्ट्या लागतात. ५० ची डबी त्याला पाच-सहा महिने पुरेल, पण उघडलेली डबी पुष्कळ कंपन्यांत तीन महिन्यांतच संपवायची असते. त्याच्यासाठी २५ ची बरी. इन्सुलिनवाला दिवसातून दोनदा मोजतो, त्याला महिन्याला ६० लागतात. तिथं ५० च्या दोन डब्या द्या. डबीवरची मुदत बघा आणि उघडल्याची तारीख पेनानं लिहायला सांगा.

आपल्या उन्हाळ्याचं एक लक्षात ठेवा. पट्ट्या बहुधा ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात आणि मशीन ४० अंशांपर्यंतच चालते. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली ती थर्मामीटरचं चित्र किंवा एरर दाखवते. मशीन बिघडली म्हणून फेकू नका. माठाजवळच्या गार खोलीत अर्धा तास ठेवून परत मोजा. पट्ट्या मात्र फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत, ओल लागून खराब होतात.

आकडा अचानक फार मोठा आला तर आधी हात आठवा. संत्रं सोलल्यावर किंवा गूळ फोडल्यावर बोटावर जी गोडी राहते तीच पट्टीवर जाते. साबणानं हात धुऊन, पूर्ण कोरडा करून, बोटाच्या टोकावर टोचायचं नाही, कडेला टोचायचं. टोकाला जास्त दुखतं.

इन्सुलिन आणि उन्हाळा

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहावं लागतं. वापरात काढलेली बाटली साधारण २८ दिवस बाहेर चालते, पण २५ ते ३० अंशांपर्यंतच. लाइट जाणाऱ्या गावात, ४५ अंशांच्या उन्हात हे जमवायचं कसं? इथं माठात माठ ही भेट कुंभाराकडून तयार होते. एक मोठा माठ किंवा रांजण, त्यात सगळीकडून दोन बोटं फट राहील असा छोटा. आतून-बाहेरून रंग दिलेला माठ नको, पाणी झिरपलं नाही तर गारवा येत नाही. मधल्या फटीत बारीक रेती भरून ती ओली करा. इन्सुलिनची बाटली झाकणाच्या प्लास्टिक डबीत घालून आतल्या माठात ठेवा आणि वरून ओलं फडकं टाका. माठ सावलीत, वारा लागेल तिथं हवा. बंद कपाटात तो गार होत नाही. रेतीत सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचं. आत एक साधा थर्मामीटर ठेवून द्या म्हणजे अंदाजावर राहावं लागत नाही. कोरड्या उन्हाळ्यात हे छान चालतं. पावसाळ्यात दमट हवेत गारवा कमी येतो. वापरातल्या बाटलीसाठीच हा माठ आहे, महिनोन्महिन्यांचा साठा त्यात ठेवू नका.

बर्फाला बाटली टेकवून नेणं, बर्फाच्या कप्प्यात ठेवणं, मोटरसायकलच्या डिक्कीत टाकणं या तिन्ही गोष्टींनी इन्सुलिन वाया जातं. एकदा गोठलेलं परत वितळलं तरी कामाचं राहत नाही.

सिरिंज अंदाजानं विकत घेऊन देऊ नका. आपल्याकडे बाटली बहुधा मिलिलिटरला ४० युनिटची असते, तिला लाल टोपीची सिरिंज लागते. नारंगी टोपीची १०० युनिटसाठी असते. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट चुकतो.

कमरेचा बटवा

सकाळी गोळी घेऊन कापूस वेचायला गेलेल्या बाईचं जेवण दुपारी दोनपर्यंत लांबलं की हातपाय कापतात, घाम सुटतो, डोळ्यांपुढं अंधारी येते. ही शुगर कमी झाल्याची लक्षणं. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांवर हे होतं. तिच्यासाठी जुन्या सुती कापडाचा नाडीचा बटवा शिवा. त्यात साध्या ग्लुकोज पावडरीच्या चार पुड्या, प्रत्येकी १५ ग्रॅमची, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे. घामानं भिजतात म्हणून आधी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा. सोबत एका चिठ्ठीवर नाव, घरचा फोन आणि सुरू असलेल्या गोळ्या.

कमी झाल्यासारखं वाटलं, किंवा मशीनवर ७० च्या खाली दिसलं, तर एक पुडी पाण्यात घालून प्यायची. १५ मिनिटं बसायचं. बरं वाटलं नाही तर दुसरी. मग भाकर खाऊन घ्यायची. चॉकलेट-बिस्किटावर भरवसा नको, त्यातल्या तेल-तुपामुळे साखर उशिरा चढते. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालू नका, १०८ ला फोन करा. हे सोबत वेचणाऱ्या बायकांनाही सांगून ठेवा, कारण जिची शुगर कमी होते तिला स्वतःला सुचत नाही.

खायचं न्यायचंच असेल तर

'शुगर फ्री' लिहिलेली मिठाई विकत घेण्याआधी मागची बाजू वाचा. खवा, मैदा, तूप तसंच असतं. गूळ, मध, खजूर यांनीही शुगर वाढतेच. गुळाच्या करंजीला औषधी समजू नका. सुक्यामेव्याचा डबा द्यायचा तर मनुका आणि खजूर काढून बदाम, अक्रोड, शेंगदाणे भरा. नागपूरची संत्रा बर्फी नको, पण संत्री चालतात, पेटीभर नाही, पाच-सहा. एका वेळी एक, फोडी खाऊन. रसाच्या ग्लासात तीन-चार संत्री एकदम पोटात जातात. किडनीचा त्रास असेल तर संत्री आणि सुकामेवा डॉक्टरांना विचारूनच.

आमच्या मते सगळ्यात चांगली भेट जवसाची चटणी. पाव किलो जवस मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत भाजायचं, त्यात भिवापुरी लाल मिरच्या दहा-बारा, लसणाचा एक गड्डा, जिरं आणि एकच छोटा चमचा मीठ. बीपीवाल्यासाठी मीठ निम्मं. जाडसर कुटा. आख्खं जवस तसंच बाहेर पडतं, आणि कुटलेलं लवकर खवट होतं, म्हणून काचेच्या बरणीत पंधरा दिवसांपुरतीच द्या. सोबत किलोभर फुटाणे, खारे नाही.

जांभळाच्या बियांची पावडर, कारल्याचा अर्क, कुणाचं तरी चूर्ण भेट म्हणून नेऊ नका. गोळ्यांसोबत घेतल्यानं शुगर खाली जाऊ शकते, आणि त्याहून वाईट म्हणजे चूर्णाच्या भरवशावर गोळी बंद केली जाते.

एक दिवस

पैसे नसतील तर एक दिवस द्या. शुगरवाल्याच्या डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासायचा असतो. दिसायला चांगलं असलं तरी तपासायचा, कारण दिसायला कमी होतं तोवर नुकसान झालेलं असतं. गावात हे होत नाही, आणि एकट्यानं जाणं टळत राहतं. सोयाबीनची काढणी संपून कापसाचा पहिला वेचा सुरू व्हायच्या मधले दिवस बघा. जुने रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं आणि जेवणाचा डबा सोबत घ्या. रांगेत जेवणाची वेळ टळू देऊ नका. डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, त्यानंतर चार-पाच तास अंधुक दिसतं आणि ऊन सहन होत नाही. काळा चष्मा न्या, आणि परतीची गाडी तुम्ही चालवा.