जुना लॅपटॉप घेताना ‘आय७’च्या स्टिकरवर जाऊ नका

सोलापुरात सेकंडहँड लॅपटॉप बघताना नुसतं ‘आय७’ वाचून भुलू नका, इंटेलच्या त्या प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल नंबर बघा. सातव्या पिढीच्या आय७-७५००यू मध्ये कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, दोनच. पुढच्याच पिढीच्या आय५-८२५०यू मध्ये ४ कोअर, ८ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), आणि वीज-उष्णतेचं रेटिंग तेवढंच, १५ वॅट. शिवाय विंडोज ११ ला इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनच अधिकृत सपोर्ट आहे. म्हणून सातव्या पिढीचा आय७ थोडा स्वस्त मिळाला तरी मी आठव्याचा आय५च घ्या म्हणेन.

लॅपटॉपऐवजी जुना डेस्कटॉप बघत असाल, तर झिऑन ई५-२६७० या इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरचे ८ कोअर मोहात पाडतात खरे. पण तो २०१२ चा, ११५ वॅटचा. दुकानाच्या बिलिंगला एवढे कोअर लागतच नाहीत, आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हाळ्यात तो थंड ठेवणं वेगळंच काम. अनेक व्हर्च्युअल मशीन (एकाच कॉम्प्युटरच्या आत चालणारे आभासी कॉम्प्युटर) एकदम चालवायच्या असतील तरच घ्या.