आधी इतिवृत्त, मग रुमाल

"आपले कागद पुण्याला दिले," एवढंच आजी सांगायची. कोणाला दिले, केव्हा, किती, काही नाही. पणजोबा गावचे कुलकर्णी. वतनाचे मोडी कागद लाल फडक्यात बांधलेले असायचे म्हणे. निवृत्तीनंतर मी ते शोधायला लागले आणि पहिली दोन वर्षं चुकीच्या टोकाला चाचपडले. तुमच्याही घरी असं काही ऐकिवात असेल, तर तुमची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हे लिहिते.

पुण्याला म्हणजे बहुधा सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ, असं धरून मी निघाले. चूक ही झाली, की गेल्या गेल्या आमच्या गावचा रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा, मागितला. रुमाल गावाच्या नावानेच लागलेला असेल असं थोडंच आहे? कागद ज्याच्या हातून आले त्याच्या नावाने तो असू शकतो, आणि ते नाव मला ठाऊक नव्हतं. म्हणून कागदांआधी संस्थेचा इतिहास वाचा. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी 7 जुलै 1910 रोजी मंडळ सुरू केलं. ते सरकारी खातं नव्हतं. वाड्यांच्या माळ्यांवरून, देवघरांतून, रद्दीच्या वाटेवरून कागद गोळा करणाऱ्या माणसांनी ते उभं केलं. ही माणसं दरवर्षी जमत, मिळालेले कागद वाचून दाखवत आणि ते छापत. ती वार्षिक इतिवृत्तं, संमेलनवृत्तं आणि पुढचं त्रैमासिक हाच तुमचा पहिला नकाशा. कागद कुठल्या घरचे, कोणी आणून दिले, हे पुष्कळदा लेखाच्या पहिल्या दोन-चार ओळींतच असतं. त्या ओळी वगळून पुढे जाऊ नका.

इथे एक खड्डा आहे, मी त्यात पडले. वृत्तांवर शक छापलेला असतो. नोंदीत 1838 दिसलं आणि मी ते इसवी सन समजले. शके 1838 म्हणजे 1916-17. शकात 78 मिळवायचे, आणि जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथीला 79. याच शके 1838 च्या चतुर्थ संमेलनवृत्तात लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची शकवार घटनांची यादी, छापली. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 ही तिथी तिच्यातलीच. कारी गावच्या जेध्यांनी जपलेल्या नोंदींनी एवढं मोठं काम केलं. आपल्या घरचे कागद किरकोळ आहेत, असं आधीच ठरवून टाकू नका.

नाव सापडलं, की दाखल नोंद, म्हणजे कागद संस्थेत कोणाकडून, केव्हा आले त्याची नोंद, विचारा, मगच रुमाल. मंडळात पत्ता लागला नाही, तर धुळ्याचाही विचार करा. राजवाडे पुढे मंडळापासून दूर झाले. त्यांचा संग्रह 1926 साली झालेल्या त्यांच्या निधनानंतर स्थापन झालेल्या धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आहे.

रुमाल समोर आला, की घाई नको. शिसपेन न्या, पेन नको. थुंकी लावून पान उलटायची सवय घरीच सोडून या. कागद ज्या क्रमाने बांधलेत त्याच क्रमाने परत ठेवा, कारण शेजारचा कागद पुष्कळदा तारखेचा पुरावा असतो. फोटोची परवानगी आधी विचारा. मोडी येत नसेल तर दोन-तीन महिन्यांचा वर्ग करा, अक्षर डोळ्यांत बसतं. तारीख मात्र वेगळीच शिकावी लागते. 'सन तिसा सबैन मया व अलफ' वाचून मी अर्धा दिवस नुसती बसून होते. ही सुहूर सनाची, म्हणजे जुन्या मराठी कागदांत चालणाऱ्या एका कालगणनेची, अरबी संख्याशब्दांतली तारीख असते, एकम आधी: नऊ, सत्तर, शंभर, हजार. म्हणजे 1179. त्यात 599 मिळवा, आलं 1778. सुहूर वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीला, बदलतं. म्हणून जानेवारी ते मे या महिन्यांतल्या कागदाला 600 मिळवायचे.

आमचे कागद शेवटी पणजोबांच्या मेहुण्यांच्या नावाखाली निघाले, तेही एका छापील लेखातल्या आभाराच्या ओळीवरून. घरी यायच्या आधी रुमाल क्रमांक आणि कागद क्रमांक दोन वह्यांत उतरवले. तुम्हीही उतरवा, क्रमांकावाचून तो कागद पुन्हा हाती लागणं अवघड.

कागद निघाले आमच्या घरातून, पण एका यादीत सुताराचं, गुरवाचं, कुंभाराचं बलुतं लिहिलेलं आहे, नावानिशी. त्या तिन्ही घरची माणसं आजही गावात आहेत. परवानगीने यादीची नक्कल केली, बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवली आणि दिवाळीत गावी जाऊन तिघांच्या घरी दिली. कुंभारांच्या आजींनी ती दोनदा वाचून घेतली आणि विचारलं, अजून कुठे आमचं नाव आहे का? पुढच्या रुमालाचा अर्ज त्यासाठीच केलाय.