फिलिपिनो नागरिकत्व परत घेताय? क्रमाच्या या चुका टाळा

फिलिपिन्समध्ये जन्मलेला आणि पुढे अमेरिकेचा, कॅनडाचा किंवा ऑस्ट्रेलियाचा नागरिक झालेला माणूस मूळ नागरिकत्व परत मिळवू शकतो. त्यासाठीचा रिपब्लिक अ‍ॅक्ट ९२२५ हा कायदा ग्लोरिया मकापागाल अरोयो राष्ट्राध्यक्ष असताना झाला आणि १७ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. अर्ज भरायचा, जन्मजात फिलिपिनो असल्याचे पुरावे जोडायचे, निष्ठेची शपथ घ्यायची. परदेशातल्या कॉन्सुलेटची फी ५० अमेरिकी डॉलर. वकील लागत नाही, एजंट तर मुळीच लागत नाही.

एवढे सोपे काम लोक वर्षानुवर्षे लांबवतात किंवा बिघडवून ठेवतात, आणि जवळजवळ दर वेळी कारण एकच असते: आधी करायचे ते नंतर केले, नंतर करायचे ते आधी केले. मी टोरोंटोजवळ राहतो, बायको फिलिपिन्समधल्या इलोइलोची. तिच्या नात्यातल्या आणि ओळखीतल्या लोकांच्या फायली आमच्या जेवणाच्या टेबलावर येतात, तसे मराठी मित्रांचेही फोन येतात, कारण इथे मराठी-फिलिपिनो घरे आहेत. सगळ्यांना मी पहिले एकच काम सांगतो. कोरा कागद घ्या आणि तारखा लिहा. जन्म, लग्न, परदेशी नागरिकत्व मिळाल्याचा दिवस, प्रत्येक मुलाचा जन्म, घटस्फोट असेल तर तो, दुसरे लग्न असेल तर तेही. आठवणीतून नाही, दाखल्यांवरून. ज्यांना हा कागद करायचाही कंटाळा येतो त्यांची फाईल मी उघडत नाही.

शपथेआधीच स्वतःला फिलिपिनो म्हणणे

सर्वांत महागात पडणारी चूक ही. "नाहीतरी पुढच्या महिन्यात शपथ घेणारच आहे, मग फॉर्मवर फिलिपिनो लिहिले तर काय बिघडले?" हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला आहे की उत्तर म्हणून मी थेट एक खटला सांगतो. त्याचा निकाल फिलिपिन्सच्या सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ मध्ये दिला.

एक गृहस्थ १९७४ साली कॅनडात गेले आणि तिथले नागरिक झाले. निवृत्तीनंतर बायकोसह परतले आणि २००० साली ओरिएंटल मिंडोरो प्रांतातल्या ग्लोरिया इथे समुद्रकिनाऱ्याला लागून ६०० चौरस मीटर जागा घेऊन घर बांधले. पुढे कळले की जागेचा काही भाग सरकारी आहे. म्हणून एप्रिल २००७ मध्ये त्यांनी त्या जमिनीच्या भाडेपट्ट्यासाठी अर्ज केला आणि त्यात स्वतःला फिलिपिनो नागरिक म्हटले. शपथ घेऊन नागरिकत्व परत मिळवले ते ऑक्टोबर २००७ मध्ये. मधले सहा महिने त्यांना भोवले. जागेवर हरकत घेणाऱ्या व्यक्तीने खोट्या निवेदनाची फौजदारी तक्रार केली. त्यांचे म्हणणे असे, की कायद्याने मला जन्मजात फिलिपिनो म्हणूनच परत स्वीकारले, मग तो शिक्का मागच्या काळालाही लागू व्हायला हवा. कोर्टाने ते मानले नाही. २००३ चा कायदा येण्यापूर्वी ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतले ते मूळ नागरिकत्व गमावून बसलेले असतात. त्यांना ते शपथेच्या दिवसापासून परत मिळते, त्याआधीच्या काळासाठी नाही. अर्जाच्या दिवशी ते कॅनेडियनच होते.

या माणसाबद्दल मला वाईट वाटते. तो लबाड होता असे मी म्हणणार नाही, पण त्याने घाई केली. आणि या घाईची गरज नसते, कारण जन्मजात फिलिपिनो असलेल्या परदेशी नागरिकालाही तिथे मर्यादेत जमीन घेता येते. राहण्यासाठी शहरात १,००० चौरस मीटर किंवा ग्रामीण भागात १ हेक्टर. व्यवसायासाठी १९९६ च्या कायद्याने शहरात ५,००० चौरस मीटर किंवा ग्रामीण भागात ३ हेक्टर. तेव्हा शपथ झाली नसेल तर फॉर्मवर "पूर्वीचा जन्मजात फिलिपिनो नागरिक, सध्या कॅनेडियन" असे सरळ लिहा आणि मर्यादेत राहा. मी तर याहून कडक आहे. शपथेचा कागद हातात येईपर्यंत जमीन, दुकान, परवाना, कशावरही सही करू नका असेच सांगतो. लोकांना राग येतो, येऊ दे.

पहिले लग्न कागदावरून गाळणे

बायको ज्यांना आते म्हणते, म्हणजे थोरली बहीण, अशा एक बाई आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांचा अर्ज एकदा परत आलेला होता. लग्न इलोइलोत झालेले, दोघे कॅनडात आले, बाई कॅनडाच्या नागरिक झाल्या, मग इथेच घटस्फोट झाला आणि दुसरे लग्नही. गावी भावाच्या नावावर ठेवलेले घर स्वतःच्या नावावर करायचे म्हणून नागरिकत्व हवे होते. कोणीतरी शहाणपण शिकवले: जुने लग्न लिहूच नकोस, नव्या नवऱ्याचे आडनाव लाव आणि मोकळी हो. बाईंनी तसे केले. पण पहिल्या लग्नाची नोंद फिलिपिन्सच्या सांख्यिकी प्राधिकरणात, म्हणजे पीएसएत, होती. तिथल्या नोंदीत एक नवरा आणि अर्जात दुसराच. खिडकीवरच्या माणसाने कागद परत केले, आणि तेव्हापासून बाईंच्या प्रत्येक कागदाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले.

फिलिपिन्समध्ये सर्वसाधारण घटस्फोट नाही. परदेशात झालेला घटस्फोट तिथल्या नोंदीत आपोआप उतरत नाही. त्यासाठी कौटुंबिक संहितेच्या कलम २६ नुसार तिथल्या कोर्टाकडून त्याला मान्यता मिळवावी लागते. ही वाट अलीकडे रुंद झाली आहे. २००५ च्या एका निकालात कोर्टाने लग्नाच्या वेळी दोघे फिलिपिनो असून पुढे एकजण परदेशी नागरिक झाल्याची परिस्थितीही या कलमात धरली, आणि २०१८ च्या निकालात घटस्फोट फिलिपिनो जोडीदाराने मागितला असला तरी मान्यता मिळू शकते असे म्हटले. पण मान्यता मागावी लागतेच. दावा लावायचा, परदेशी हुकूमनामा आणि त्या देशाचा घटस्फोटाचा कायदा दोन्ही सिद्ध करायचे. यात महिने जातात, पुष्कळदा वर्षही उलटते.

आम्ही मार्ग असा काढला. बाईंनी अर्ज नव्याने भरला, लग्नाआधीच्या नावाने, आणि दोन्ही लग्ने व घटस्फोट तारखांसह लिहिले. शपथ झाली. नागरिकत्व त्यांच्या जन्मावर आणि शपथेवर उभे होते, लग्नावर नाही, म्हणून ते अडले नाही. घराचे काम मात्र थांबवले. तिथल्या जमिनीच्या मालकीपत्रावर वैवाहिक स्थिती लिहिली जाते. मान्यता नसती तर नोंदीप्रमाणे पहिलाच नवरा अजून नवरा ठरला असता आणि उद्या त्या घरावर त्याचाही हक्क आहे का, हा वाद उभा राहिला असता. आधी कोर्टाची मान्यता, मग पीएसएच्या नोंदीत दुरुस्ती, मग घर. बाईंना हा वेळ जड गेला. त्यांची आई तेव्हा हयात होती आणि त्यांना त्याच घरात जाऊन राहायचे होते. शहाणपण शिकवणारा माणूस मात्र या काळात कुठेच दिसला नाही.

माझी सवय यातूनच पक्की झाली: ज्यांच्या आयुष्यात घटस्फोट आहे त्यांनी शपथ आणि पासपोर्ट दोन्ही जन्मनावाने घ्यावे आणि लग्नाचे आडनाव नोंदी नीट झाल्यावर लावावे.

मधल्या नावाचा घोळ

आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे असते. फिलिपिनो माणसाचे मधले नाव म्हणजे आईचे माहेरचे आडनाव. अमेरिका-कॅनडातले क्लार्क ते कधी गाळतात, कधी दोन पहिल्या नावांपैकी दुसरे मधल्या रकान्यात टाकतात. परिणामी जन्मदाखला एका नावाचा आणि परदेशी पासपोर्ट दुसऱ्या नावाचा. एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवा. चूक जन्मदाखल्यातच असेल तर अक्षरांची चूक आणि पहिल्या नावातला बदल २००१ च्या कायद्याखाली, जन्माचा दिवस-महिना आणि लिंगाच्या नोंदीतली चूक २०१२ च्या दुरुस्तीखाली, कोर्टात न जाता नागरी निबंधकाकडे सुधारता येते. ही दुरुस्ती शपथेआधी करा, नंतर नको.

मुलांना चुकीच्या रांगेत उभे करणे

इथे तारखांचा कागद लगेच कामाला येतो. आई किंवा वडील अजून फिलिपिनो असताना जन्मलेले मूल जन्मतःच फिलिपिनो असते, भले जन्म टोरोंटोतला असो. त्याला शपथ नको, त्याच्या जन्माची नोंद कॉन्सुलेटमध्ये करायची. पालक परदेशी नागरिक झाल्यानंतर जन्मलेले मूल पालकाच्या अर्जातून येते, पण ते १८ वर्षांखालचे आणि अविवाहित असले तरच. सतरा पूर्ण होईपर्यंत थांबणाऱ्या पालकांना मी समजावून थकलो. अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो.

दुसऱ्या देशाचा कायदा न वाचणे

फिलिपिन्स दोन नागरिकत्वे मानतो म्हणून तुमचा दुसरा देश मानतोच असे नाही. कॅनडा आणि अमेरिका आड येत नाहीत. जर्मनीने जून २०२४ पासून वाट मोकळी केली. जपानी नागरिकाने स्वतःच्या इच्छेने परके नागरिकत्व घेतले की जपानचे जाते. भारताचेही तसेच आहे. लग्नानंतर भारतीय नागरिक झालेल्या फिलिपिनो बाईने ही शपथ घेतली, तर १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार तिचे भारतीय नागरिकत्व संपते. मराठी मित्र याची तुलना ओसीआयशी, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना भारत देतो त्या कार्डाशी करतात, ती सोडून द्या. ओसीआय हे नागरिकत्व नाही. इथे मतदानासकट पूर्ण नागरिकत्व मिळते, फक्त मतदार नोंदणी वेगळी करावी लागते.

निवडणुकीची स्वप्ने

फिलिपिन्समध्ये निवडणूक लढवायची असेल तर शपथेबरोबर परदेशी नागरिकत्वाचा प्रतिज्ञापूर्वक त्याग करावा लागतो, आणि त्यानंतर तो परदेशी पासपोर्ट वापरायचा नाही. लानाओ देल नोर्ते प्रांतातल्या कावस्वागानचे महापौर रॉमेल आर्नादो यांनी त्यागानंतर अमेरिकी पासपोर्टवर प्रवास केला. २०१० ची निवडणूक जिंकूनही २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना अपात्र ठरवले.

शपथ झाली म्हणजे पासपोर्ट आला, असे समजणे

पासपोर्टचा अर्ज वेगळा. शपथपत्र, मंजुरीचा आदेश आणि ओळखप्रमाणपत्र हे तीन कागद एकत्र ठेवा, स्कॅन करा, एक संच गावी विश्वासू माणसाकडे द्या. पासपोर्ट येण्याआधी प्रवास केला तर परदेशी पासपोर्टसोबत हे कागद विमानतळाच्या खिडकीवर स्वतःहून पुढे करा. नाहीतर पाहुण्याचा शिक्का बसतो आणि मुक्काम लांबला की इमिग्रेशनच्या चकरा सुरू होतात.

जोडीदाराला आपोआप काही मिळते, ही समजूत

नवऱ्याला किंवा बायकोला या कायद्याने नागरिकत्व मिळत नाही. एकत्र प्रवास केला तर परदेशी जोडीदाराला बालिकबायन, म्हणजे मायदेशी परतणाऱ्या फिलिपिनोंसाठीच्या, सवलतीत व्हिसाशिवाय एक वर्ष राहता येते. कायम राहायचे तर लग्नावर आधारित १३ए व्हिसा आहे. पण ज्यांना फिलिपिन्ससाठी व्हिसा लागतो अशा देशांच्या नागरिकांना बालिकबायन सवलत गृहीत धरता येत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या नवऱ्यांनी तिकीट काढण्याआधी कॉन्सुलेटला लेखी विचारावे आणि ते उत्तर छापून बरोबर न्यावे.