मालक मुंबईत, चावी गावातल्या माणसाकडे: कोकणात घर भाड्याने घेताना

अलिबागपासून मालवणपर्यंत भाड्याने मिळणाऱ्या बऱ्याच घरांचे मालक मुंबई-पुण्याला असतात. चावी, भाडं, दुरुस्ती हे सगळं गावातला नातेवाईक, केअरटेकर किंवा एखादी एजन्सी बघते. रोजचा व्यवहार या मधल्या माणसाशी होतो, पण जबाबदारी मालकाचीच राहते. केअरटेकर "करून देऊ" म्हणतो, मालक म्हणतो "मला विचारलंच नाही", आणि भाडेकरू मध्ये अडकतो. म्हणून पैसे देण्याआधी कागद बघा.

ग्रामपंचायत हद्दीत नमुना ८ चा उतारा आणि नगरपरिषद हद्दीत मालमत्ता कराची पावती मागा, सोबत सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड. नमुना ८ हा कराचा कागद आहे, एकट्या त्याने मालकी सिद्ध होत नाही. कोकणात सातबारावर काका, चुलतभाऊ, आत्या अशी सहहिस्सेदारांची रांग असते. एक भाऊ घर देतो आणि दुसरा मे महिन्यात येऊन "कोणाला विचारून राहता?" म्हणतो. घर सामाईक असेल तर बाकीच्यांची लेखी संमती घ्यायला लावा. मालकाच्या वतीने दुसरा कोणी सही करणार असेल तर कुलमुखत्यारपत्राची (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीची) प्रत घ्या. करार करणं, भाडं घेणं, अनामत घेणं आणि परत करणं ही कामं त्यात स्पष्ट लिहिलेली हवीत. अनामत रक्कम मालकाच्याच खात्यात भरा. केअरटेकर बदलला की त्याच्या हातात दिलेले पैसे परत मिळवणं फार अवघड जातं.

"११ महिन्यांचा करार आहे, नोंदणी नको" हे सर्रास ऐकायला मिळतं आणि ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा (ठराविक मुदतीसाठी घर वापरायच्या परवानगीचा) करारही लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोडून काढायचं तर मालकाला पुरावा द्यावा लागतो. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक अनामतीवरचं १० टक्के वार्षिक व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के असतं. दरमहा ८,००० भाडं, ११ महिने आणि ३०,००० अनामत धरली तर बेरीज सुमारे ९०,७५० होते आणि हिशेबाने शुल्क सव्वादोनशेच्या आसपास येतं. भरायची नेमकी रक्कम ऑनलाइन नोंदणी करताना दिसते. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि शहरी भागात १,००० रुपये. एवढ्या खर्चासाठी नोंदणी टाळू नका.

आता अटी. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा हा कायद्याच्या भाषेत 'भाडेकरू' नसतो, त्याला फक्त वापराची परवानगी असते. त्यामुळे कायद्यात भाडेकरूला दिलेली काही संरक्षणं त्याला आपोआप मिळतील हे गृहीत धरू नये. ती करारात लिहून घ्यावी. याच कायद्याच्या कलम २९ प्रमाणे मालकाला किंवा त्याच्या माणसाला योग्य कारणाशिवाय भाडेकरूचं वीज-पाणी तोडता येत नाही. कलम १४ प्रमाणे मालकाने दुरुस्ती केली नाही, तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू ती करून घेऊ शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत खर्च भाड्यातून वळता करू शकतो. कलम २८ प्रमाणे घर पाहायला यायचं तर आधी कळवून, योग्य वेळी यावं लागतं. या तिन्ही गोष्टी तशाच्या तशा करारात घाला. केअरटेकरकडे दुसरी चावी असते, म्हणून आधी कळवून येण्याची अट विशेष महत्त्वाची.

इथली काही कलमं छापील नमुन्यात सापडणार नाहीत. पहिलं गणपतीचं. घरात मालकाचा गणपती बसत असेल तर चाकरमानी कुटुंब येणारच. किती दिवस, किती माणसं, देवघर आणि माजघर कोणाच्या ताब्यात, त्या दिवसांचं भाडं वजा होणार का, हे आधीच लिहा. शिमग्याचंही तसंच. दुसरं, आवारातल्या आंबा, नारळ, सुपारीचं उत्पन्न कोणाचं. तिसरं, मे आणि दिवाळीच्या सुट्टीत पर्यटकांना देण्यासाठी घर रिकामं करायला सांगणार नाही ही हमी, दोन्ही बाजूंच्या लॉक-इन (करार मोडता येणार नाही असा काळ) आणि नोटीस मुदतीसह.

पावसाळा हा सगळ्यात मोठा खर्च, आणि वादही तिथेच होतात. छप्पर, वासे, रिपा, भिंती, मुख्य वायरिंग आणि सेप्टिक टँकची बांधणी मालकाकडे ठेवा. पन्हळीतला पाला काढणं, गटारं मोकळी ठेवणं, गळती दिसली की त्याच दिवशी फोटोसकट कळवणं हे राहणाऱ्याचं काम. गळती लपवली आणि वासा कुजला, तर तो खर्च तुमच्या अनामतीतून मागितला जाईल आणि ते वाजवीही आहे. कौलं परतण्याचं (काढून नीट पुन्हा बसवण्याचं) काम १५ मेपर्यंत संपवायची तारीख करारात टाका. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर छपरावर चढायला माणूस मिळत नाही. दिवसा माळ्यावर जाऊन उजेडाची छिद्रं बघा. माकडांनी सरकवलेली कौलं आणि दोन उतार मिळतात तो कोन इथून पाणी हमखास येतं. पन्नासेक जादा कौलं घरातच ठेवायला सांगा. घर ओलसर राहिलं की वाळवी लागते, म्हणून पावसाळ्यात ते आठवडाभर बंद ठेवू नका.

मोटारीचा वादही ठरलेला. एप्रिल-मेमध्ये विहीर खाली जाते, फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो, मोटार कोरडी चालते आणि वाइंडिंग जळतं. आधी विहिरीत पाणी बघून मोटार लावणं तुमचं काम. वयाने थकलेली मोटार बदलणं मालकाचं. हे दोन्ही वेगळं लिहा. मीटरजवळचा विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच (आरसीसीबी) महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबून तपासा. खाऱ्या हवेत ग्रिल आणि एसीचं बाहेरचं युनिट गंजतं, ती झीज तुमच्या माथी मारू देऊ नका.

भाडं बँकेतूनच द्या आणि पावती घ्या. महावितरणचं बिल वेळेवर भरा. कनेक्शन तोडलं गेलं तर दोष तुमचा. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिल्याची पोच जपून ठेवा. विचारल्याशिवाय खोल्या पोटभाड्याने देऊ नका, भिंत फोडू नका.

मुदत संपल्यावरही राहिलात तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. उलट, कायद्याची प्रक्रिया न करता कुलूप बदलून बाहेर काढलं, तर विनिर्दिष्ट सहाय्य कायदा (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट), १९६३ च्या कलम ६ खाली ताब्यासाठी ६ महिन्यांच्या आत दावा करता येतो. घर सोडताना केअरटेकरसोबत खोलीखोलीचा व्हिडिओ काढा, मीटरचं रीडिंग लिहा, चाव्या दिल्याची सही घ्या, आणि अनामत परतीची तारीख त्याच कागदावर मालकाकडून मान्य करून घ्या.