अंगणातली फांदी अंगणातच जिरवा: छोटं श्रेडर वापरताना

आमच्या नेरुळच्या रो-हाऊसला अंगण छोटं, पण जास्वंद, पेरू, कढीपत्ता आणि कुंपणावरची बोगनवेल वर्षातून दोनदा छाटावीच लागते. एकदा मेमध्ये पावसाआधी, एकदा ऑक्टोबरात. घनकचरा नियमांत बागेचा कचरा वेगळा ठेवायला सांगितलाय आणि जाळायला मनाई आहे. पण मला मुळात फांदी गेटाबाहेर जाऊ द्यायचीच नसते. आमच्याकडची जमीन म्हणजे मुरुमाची भर, तिला खायला हवं ते याच फांद्यांत आहे.

त्यासाठी श्रेडर, म्हणजे फांद्यांच्या चिपा करणारं मशीन; पण ते आणायच्या आधी वायरमनला बोलवा. माझं श्रेडर 2400 वॅटचं आहे, म्हणजे 230 व्होल्टला साडेदहा अँपिअरच्या आसपास करंट. पंखा-मिक्सरच्या 6 अँपिअरच्या पॉइंटला हे झेपत नाही. 16 अँपिअरचा पॉइंट हवा, अर्थिंग नीट हवं आणि 30 मिलीअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच. एक्स्टेंशन लागलंच तर तांब्याची अडीच एमएमची वायर घ्या आणि रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. मशीनच्या पाटीवर वॅटच्या पुढे पी40 लिहिलं असेल तर तो आकडा सलग चालवण्याचा नाही: दहा मिनिटांत चार मिनिटं भार, बाकी वेळ मोकळं फिरणं. मोटर तापून बंद पडली तर थंड होऊ द्या, मगच रीसेटचं बटण दाबा.

मशीनचे प्रकार दोन. पात्यांचं मशीन वेगात फिरतं, हलकं आणि स्वस्त असतं, पण आवाज फार. दातेरी रोलरचं संथ चालतं, फांदी स्वतःच आत ओढून चिरडतं, आवाजही कमी. मात्र ते जड, महाग आणि नुसत्या पाल्यापुढे हतबल. माझं पात्यांचं आहे, म्हणून दुपारी शेजारच्या काकूंची झोप होईपर्यंत मी ते लावत नाही.

खोक्यावर 40-45 मिलीमीटर जाडी लिहिलेली असते. ती ओल्या, सरळ फांदीची. पेरूसारखं कठीण लाकूड मी अंगठ्याच्या जाडीपर्यंतच घालते, त्याहून जाड करवतीनं कापून कुंडीखाली ठेवायला वापरते. छाटणी झाली की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी चिपा करा. ऑक्टोबरच्या उन्हात फांदी वाळून टणक होते आणि पाती लवकर बोथटतात. आडव्या फुटलेल्या काटक्या सिकेटरनं, म्हणजे छाटणीच्या कात्रीनं, आधीच काढा. गॉगल घाला, ओढणी काढून ठेवा, केस बांधा, बोगनवेलीसाठी जाड पण मनगटाशी घट्ट बसणारे हातमोजे वापरा.

फांदी बुंध्याकडच्या जाड टोकानं आत सोडा आणि तोंडासमोर नाही, बाजूला उभ्या राहा. पातं पकडतं तसं शेपटाकडचं टोक सपकन फिरतं. कान मशीनकडे ठेवा. आवाज जड झाला, खाली उतरला, की फांदी जराशी मागे घ्या. मोटर पुन्हा मोकळी गाऊ लागली की सोडा. ओला पाला सलग घातलात तर आत लगदा होऊन तोंड चोंदतं. म्हणून दोन मुठी पाला, मग एक वाळकी काटकी, असं आलटून पालटून घाला आणि शेवट काटकीनंच करा, म्हणजे आतला चोथा बाहेर पडतो. अडकलं तर स्विच बंद करा, प्लग काढा, चकती थांबेपर्यंत वाट बघा आणि मगच झाकण उघडा. ढकलायला लाकडी काठी, हात कधीच नाही.

नारळाची झावळी यात घालू नका, तिचे धागे आसाला गुंडाळतात. हीर काढून खराटा करा. केळीचा बुंधाही नको. कण्हेर पूर्ण विषारी, आणि शेराचा चीक डोळ्यांना घातक. ही दोन्ही झाडं मी मशीनजवळ आणतही नाही. पिठ्या ढेकूण लागलेली जास्वंदही वेगळी ठेवा, तिच्या चिपा कुंडीवर पसरल्या तर कीड पुन्हा चढते.

चिपांचं खरं काम खताच्या ड्रममध्ये आहे. स्वयंपाकघरातल्या सालींचा एक थर, त्यावर चिपांचे दोन. पावसाळ्यात पाणी सुटणं आणि वास, दोन्ही थांबतात, कारण चिपांमधून हवा खेळते. खत चाळताना उरलेले जाड तुकडे पुन्हा नव्या थरात टाका, त्यांच्यावर जिवाणू आधीच बसलेले असतात. ताज्या चिपा मातीत मात्र मिसळू नका. कुजताना त्या नत्र ओढून घेतात आणि रोप पिवळं पडतं. आच्छादन म्हणून वर पसरा, पाचेक सेंटीमीटर, खोडापासून वीतभर दूर. अळंबीच्या छत्र्या उगवल्या तर घाबरू नका, त्या लाकूडच खातात.

जूनमध्ये कुंड्यांवरचा थर मी पातळ करते, कारण आफ्रिकन गोगलगायींना त्याखाली मस्त जागा मिळते. त्याच सुमाराला मशीन पुसून कोरडं करून, पात्यांना तेलाचा हात फिरवून आत ठेवते. पाती बोथट झाली असतील तर आधी ती दोन्ही बाजूंनी धारदार आहेत का बघा, असतील तर नवी घेण्याआधी उलटून बसवा.